तलावावरची मोगरी

या ग्रुपवरचे अनुभव मी रोज सकाळी चहाबरोबर वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वाचून मला हसू येतं. पांढरी साडी, उलटे पाय, अमावास्या, पिंपळ... आमच्या चांद्याकडच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरकडच्या, भुतांना एवढा नट्टापट्टा परवडलाच नसता. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. अंगात येणाऱ्या बायांना तांब्याभर गार पाणी पाजून ताळ्यावर आणलेलं आहे. तेव्हा माझा स्वभाव आधीच सांगून ठेवते – मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नव्हते, आजही ठेवत नाही, आणि हे लिहून संपल्यावरही ठेवेन असं वाटत नाही.

तरी एक गोष्ट आहे. एकच. ती कुठल्या हिशेबात बसवावी हे मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही. एका बोटाने टाईप करते आहे, चुका पोटात घाला.

गोष्ट आहे एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती आणि आम्ही अजून मध्यप्रदेशात होतो. गडचिरोली जिल्हा वगैरे काही नव्हतं, सगळा मिळून एक चांदा जिल्हा. आमचं गाव चामोर्शीच्या बाजूला, धानाच्या शेतांच्या मधोमध. गावाच्या उगवतीला मोठा तलाव. एका बाजूने मातीची उंच पाळ, पाळीला दगडी पायऱ्यांचा घाट, पलीकडच्या काठाला सागाचं आणि बांबूचं जंगल. घाटाच्या जरा पुढे, टेंभुर्णीच्या झुडपांआड, कपडे धुवायचा एक मोठा सपाट दगड होता. तो घाटावरून दिसत नसे. हे लक्षात ठेवा.

या तलावावर आम्ही बायका पहाटे पोहायला जायचो. हो, बायका, आणि पोहायला. आजकाल पेपरात फोटो येतात ना, समुद्रात सकाळी पोहणाऱ्या मंडळींचे, टोप्या घालून, गॉगल लावून? तसंच. फक्त आम्ही लुगड्याचा कासोटा घट्ट मारून उतरायचो आणि गॉगलऐवजी तोंडावर धुकं असायचं.

हे सुरू होण्याला एक कारण घडलं होतं. गावातली एक नवी सून घाटावर घागर भरताना घसरली. काठावर पाच-सहा बायका कपडे धूत होत्या. एकीलाही पोहता येत नव्हतं. सगळ्या ओरडत राहिल्या आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेली. ढिवरांच्या, म्हणजे आमच्याकडच्या कोळ्यांच्या, शेवंताबाई त्या वेळी शिंगाडे विकायला बाजारात गेल्या होत्या. परत आल्यावर त्या घाटावर बसून खूप रडल्या आणि मग उठून म्हणाल्या, "जनमभर या पान्यातून घागरी भरता अन् या पान्यात हात मारता येत नाई तुमाले? कार्तिक लागू द्या. एकेकीले शिकवतो का नाई पाहा."

कार्तिकस्नानाला कोणाचा बाप नाही म्हणू शकत नव्हता. त्या आडोशाने आम्ही शिकलो. कार्तिक संपला, मार्गशीर्ष आला, पण आम्ही काही थांबलो नाही. पुरुषांनीही मुकाट त्या वेळी घाटाकडे येणं सोडलं. हिवाळ्यात पहाटे तलावाचं पाणी कोमट असतं आणि त्यातून वाफा निघतात, हे ज्याने अनुभवलं आहे त्यालाच कळेल. बाहेर दात वाजतात आणि पाण्यात उतरलं की निघावंसं वाटत नाही.

अडचण होती धुक्याची. घाटापासून बरंच आत पाण्यात अर्जुनाचं एक वाळकं झाड उभं होतं. तिथवर जायचं, फांदीला धरून दम खायचा आणि परत यायचं, असा आमचा नेम. पण परतताना घाट दिसेल तर शपथ. म्हणून शेवंताबाईंनी नियम घातला. एकीने पाण्यात उतरायचं नाही. तिने त्या धुण्याच्या दगडावर बसून मोगरीने कपडे धोपटत राहायचं. धप्... धप्... धप्. त्या आवाजाच्या रोखाने सगळ्यांनी परत यायचं. मोगरी सुरू झाल्याशिवाय कोणी पाण्यात पाय घालायचा नाही, आणि जी सगळ्यांत शेवटी बाहेर येईल तिने दगडापाशी जाऊन "आल्या सगळ्या" असं सांगितल्याशिवाय मोगरी थांबवायची नाही. हे काम पाळीपाळीने असे. सगळ्यांनाच ते नको वाटायचं, कारण पाण्यातल्या मजेत असतात आणि दगडावरची थंडीने काकडत असते.

माझ्या वहिनी लग्न होऊन घरात आल्या आणि हे पाळीचं प्रकरण मिटलं. कसं, ते सांगते.

वहिनी वऱ्हाडातल्या, दर्यापूरकडच्या. तिकडे विहिरीचं पाणीसुद्धा खारं. तलाव म्हणून काही त्यांनी पाहिलेला नव्हता. पहिल्यांदा पाळीवर चढल्या आणि मला हळूच विचारलं, "हा समुद्र व्हय का जी?" झालं. मी ते घाटावर सांगितलं आणि त्या दिवसापासून सगळ्या बायका त्यांना 'समुद्रवाली' म्हणू लागल्या. दादा बल्लारशाला नोकरीला, महिन्यातून एकदा घरी. घरात आई, बाबा, मी आणि वहिनी.

आईला ही सून पसंत नव्हती. भांडण वगैरे नाही, आईचा तो स्वभावच नव्हता. पण तिला इथलीच, धान रोवता येणारी मुलगी हवी होती. वहिनींना कापूस वेचता यायचा, आणि आमच्याकडे औषधाला कापूस नाही. आई त्यांना नावाने हाक मारत नसे. "ए", "इकडं ये", "हे ठेव", एवढ्यावर काम भागवायची. मला वाईट वाटायचं, पण आईपुढे बोलायची प्राज्ञा कोणाची.

वहिनींनी पोहायला शिकायचं ठरवलं तेव्हा आई पहिल्यांदा त्यांच्याशी पूर्ण वाक्य बोलली. "पान्यात उतरून काय करतं? काठावर बसून धू ना. तुह्या मायले मी काय तोंड दाखवू, काई झालं तं?" वहिनी खाली मान घालून म्हणाल्या, "ती सून बी काठावरच होती, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी निघालो तर आई आमच्या मागे. डोक्यावर कपड्यांचं गाठोडं, हातात मोगरी. आईला स्वतःला पोहता येत नव्हतं आणि पाण्याची भीती इतकी की घाटाच्या शेवटच्या पायरीवर ती कधी उतरली नाही. ती दगडावर जाऊन बसली आणि तिथे ज्या बाईची पाळी होती तिला म्हणाली, "जा तू, पोह." तेव्हापासून रोज आईच. धुतलेलेच कपडे पुन्हा पुन्हा धोपटायची. बाबा म्हणायचे, "माह्या धोतराची पार चाळन करून टाकली हिनं." ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

वहिनी पाठीला दोन वाळके भोपळे बांधून शिकल्या. आमच्याकडे त्यांना तुंबे म्हणतात. आतून पोकळ, दोरीने कमरेला आवळायचे, की माणूस बुडत नाही. पौष लागला तोवर त्या तुंब्यांच्या आधाराने झाडापर्यंत जाऊन येऊ लागल्या होत्या. भोपळे सोडून पोहायचा धीर मात्र अजून झाला नव्हता.

आणि पौषातच आईला हिवताप आला. आधी थंडी, मग अंगाची नुसती भट्टी. चामोर्शीहून कंपाउंडर सायकलीवर येऊन क्विनीन देऊन गेला. दोन दिवस आम्ही घाटावर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ताप जरा उतरल्यासारखा वाटला, बाबा म्हणाले, "मी बसतो इथी, तुमी दोघी जाऊन या, दोन दिवसापासून कोंडून राह्यल्या." आई झोपेतच होती. आम्ही निघालो.

निघायला उशीर झाला होता. पाळीवर चढलो तर धुकं इतकं की पायऱ्यासुद्धा पायाने चाचपून उतरावं लागलं. पण मोगरीचा आवाज येत होता. धप्... धप्... धप्. पाण्यातून बायकांची बोलणीही ऐकू येत होती. मी मनात म्हटलं, शेवंताबाईंनी आज कोणाला तरी बसवलं आहे वाटतं. वहिनींचे तुंबे आवळले आणि उतरलो.

पुढे जे कळलं ते इथेच सांगते, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही. शेवंताबाई आणि बाकीच्या तिघी आमच्याआधी आल्या, तेव्हाही मोगरी वाजतच होती. त्या धरून चालल्या की कुसुमची, म्हणजे माझी, आई बरी होऊन आली. मी धरून चालले की त्यांनी कोणाला बसवलं. दगड झुडपाआड, त्यात धुकं. इतक्या महिन्यांत पाण्यात उतरण्याआधी दगडावर कोण आहे हे जाऊन पाहायची गरज कोणालाच पडली नव्हती. आवाज आहे म्हणजे माणूस आहे, एवढं साधं होतं ते.

झाडापर्यंत ठीक गेलो. बाकीच्या दम खाऊन परत फिरल्या. मी म्हटलं, "तुमी व्हा समोर, वैनीले घेऊन येते मी." वहिनींनी फांदी सोडली आणि वळताना त्यांची पाठ एका तुटक्या खुंटावर आपटली. कट् असा आवाज आला. तेव्हा आम्ही हसलो. थोडं अंतर गेलो आणि त्या एका बाजूला कलंडू लागल्या. एक तुंबा तडकला होता आणि त्यात पाणी भरत होतं.

आता तो भरलेला भोपळा उलट त्यांना खाली ओढू लागला. मी बुडी मारून दोरीची गाठ सोडवली. गाठ ओली, बोटं बधिर, वेळ लागला. त्या झटापटीत आम्ही दोघी कितीदा गरगर फिरलो देव जाणे. तुंबा एकदाचा सुटला. मी वर येऊन श्वास घेतला आणि पाहिलं तर झाड नाही, घाट नाही, पाळ नाही. चारी बाजूंना सारखंच पांढरं. हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती.

वहिनी एका तुंब्यावर कशाबशा होत्या. नाकातोंडात पाणी जात होतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त माझा दंड धरला, आणि तो इतका घट्ट की पुढे आठवडाभर तिथे निळं होतं. मला तेव्हा खरी भीती वाटली. आईची लाडकी नसेल, पण दादाची बायको माझ्या भरवशावर पाण्यात होती, आणि ती दमत चालली होती.

मी डोकं चालवलं. मला डोकं चालवायची सवय, तीच नडते. धुक्यात एका बाजूला जरा जास्त उजेड वाटत होता. निघताना उजेड कुठे होता, झाड कुठे होतं, आपण किती वळलो, असा सगळा हिशेब मनात मांडला आणि ठरवलं की घाट समोर आहे. वहिनींना ओढत तिकडे निघाले.

आणि मोगरीचा आवाज येत होता मागून.

"बाई, आवाज तिकडं हाय," वहिनी म्हणाल्या.

"पान्यावर आवाज फिरते वैनी. पाळीवर आपटून उलटा येते. चला तुमी."

"नाई. मोगरी तिकडं हाय."

"माह्यावर भरोसा नाई काय तुमचा?"

मी आणखी थोडी पुढे गेले. माझ्या पायाच्या बोटांना काहीतरी मऊ, गुळगुळीत लागलं. शेवाळ असेल म्हणून मी पाय झटकला. आणि तेवढ्यात तो आवाज बदलला. आतापर्यंत संथ होता, तो एकदम घाईचा झाला. धप्धप्धप्, जोराने, जसं काही कोणी दगडच फोडतं आहे. मी त्या क्षणीसुद्धा चिडले, खोटं कशाला सांगू. म्हटलं, कोण बया आहे ही, हिला इतकी कसली घाई.

वहिनींनी माझा दंड सोडला. "मी तिकडं जाऊन राह्यली," एवढं बोलून त्या एका तुंब्यावर, वेड्यावाकड्या हात मारत, आवाजाकडे वळल्या. ज्यांना अजून धड पोहता येत नव्हतं त्या. त्यांना एकटं सोडणं शक्यच नव्हतं. मी मुकाट मागे गेले, त्यांच्या पोटाखाली हात दिला, आणि आम्ही त्या आवाजाच्या रोखाने जात राहिलो. आम्ही वळलो तसा तो पुन्हा संथ झाला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग माझ्या गुडघ्याला पायरी लागली.

घाटावर शेवंताबाई आणि त्या तिघी तणसाची शेकोटी पेटवून बसल्या होत्या. आमचे चेहरे पाहून त्यांनी वहिनींना शेकोटीजवळ घेतलं, डोकं पुसलं. मोगरी वाजतच होती. शेवंताबाई मला म्हणाल्या, "जा कुसुम, मायले सांगून दे, आल्या म्हनून. बिमारीतून उठली अन् कवाची मारून राह्यली बिचारी."

"आई कुठी आली?" मी म्हटलं. "आई तं घरी पडून आहे."

"मंग मोगरी कोन मारून राह्यलं?"

"तुमी कोनाले बसवलं ना?"

शेवंताबाईंनी नकाराची मान हलवली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. रोज येणाऱ्या सगळ्या शेकोटीपाशीच होत्या. आणि पलीकडे, झुडपाआड, धप्... धप्... धप्.

मी उठले. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात. शेवटी बाहेर येईल तिने जायचं, असा नियम होता आणि शेवटी मी आले होते. ओल्या लुगड्याने टेंभुर्णीच्या झुडपांपर्यंत गेले. आवाज इतका जवळ होता की पायाखालच्या मातीत तो कळत होता. झुडपाला वळसा घातला तरी धुक्यामुळे नीट दिसेना, म्हणून सवयीने मोठ्याने म्हटलं, "आल्या सगळ्या."

आवाज थांबला.

मी दोन पावलं पुढे गेले. दगडावर कोणी नव्हतं. कपडा नाही, मोगरी नाही, पाण्याचा एक ओघळ नाही. दगडभर दव पडलेलं, कुठेही न मोडलेलं. मी त्यावर बोट ओढलं तर रेघ उमटली. मधोमध एक वाळकं सागाचं पान पडलं होतं, त्यावरही दव. मी ते पान उचललं, पुन्हा होतं तिथे ठेवलं आणि तशीच उभी राहिले. मला भीती वाटत नव्हती. खरंच नव्हती वाटत. उलट कोणाच्या तरी घरात न विचारता शिरावं तसं अवघडल्यासारखं वाटत होतं.

मागून शेवंताबाई आल्या. त्यांनी दगड पाहिला, त्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "घरी चाल." कोणी पळालं नाही, कोणी ओरडलं नाही. सगळ्या आपापल्या घरी गेल्या.

घरी बाबा आईच्या उशाशी होते. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "तुमी गेल्या अन् हिचा ताप चढला. हाक मारली तं ओ नाई. डोये उघडत नव्हती. मले वाटलं, गेली आता हातातून. आत्ता, आत्ता घाम सुटला पाहा." आई घामाने निथळत होती आणि शांत झोपली होती. ती खाटेवरून हलली नव्हती, बाबांनी तिचा हात सोडला नव्हता. मी दाराआड पाहिलं. मोगरी नेहमीच्या जागी उभी, कोरडी ठणठणीत.

आम्ही आईला काही सांगायचं नाही असं ठरवलं. वहिनी बुडता बुडता वाचल्या हे कळलं असतं तर तिने पोहणं बंद केलं असतं, आणि नुकतीच बरी होणारी बाई हाय खाऊन पुन्हा पडली असती. बाबांनाही सांगितलं नाही. शेवंताबाईंनी बाकीच्यांना दम दिला. गावात कुजबुज झालीच म्हणा. कोणी म्हणालं, ती बुडालेली सून होती, दुसरीला बुडू दिलं नाही तिने. असेल. मला ते तेव्हाही पटलं नाही.

मग एका दुपारी आई अंगणात उन्हाला बसून सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. अशक्त झाली होती, पण तोंड सुरू झालं होतं, म्हणजे बरी होती. मी जवळ बसले होते, वहिनी ओट्यावर भांडी घासत होत्या. आई सुपातून मान वर न करता म्हणाली, "कुसुम, तुले शिंगाड्याचे वेल नाई समजत काय वं? पोरीले घेऊन सरळ वेलातच चालली होतीस."

मला आधी कळेचना. "कधी?"

"कधी म्हनजे? माहा खांदा आखडून गेला मारून मारून. तू आयकतच नव्हतीस. ते पोरगी आयकत होती."

वहिनींच्या हातातलं भांडं थांबलं. शिंगाड्यांची गोष्ट मलाही माहीत नव्हती, हे समजून घ्या. मी कुठे चालले होते हे त्या धुक्यात मला ठाऊक नव्हतं, वहिनींना नव्हतं, कोणालाच नव्हतं. शेवंताबाईंचा शिंगाडा तलावाच्या दुसऱ्या कोपऱ्यात लावलेला असे. पौषापर्यंत फळं निघून जातात, पण वेलांचं जाळं पाण्याखाली तसंच कुजत पडलेलं असतं, काट्यांसकट. चांगल्या पोहणाऱ्याचेही पाय त्यात अडकले की सुटत नाहीत. एका तुंब्यावरची दमलेली बाई आणि तिला धरलेली मी... पुढचा हिशेब मी कधी पूर्ण मांडला नाही.

मी आईला म्हटलं, "तुले कोनी सांगतलं?"

ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की जसं मीच काहीतरी वेड्यासारखं विचारते आहे. मग जरा गोंधळली. "मले काय माहीत. तसंच ध्यानात हाय," असं म्हणून पुन्हा डाळ निवडू लागली. थोड्या वेळाने खांदा चोळत म्हणाली, "शांता, जरा तेल गरम करून आन वं. हा उजवा हात वरच होऊन नाई राह्यला."

आईच्या तोंडून वहिनींचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. वहिनींनी जवसाचं तेल गरम करून आणलं आणि तिच्या मागे बसून खांदा चोळू लागल्या. वहिनी रडत होत्या हे आईला दिसत नव्हतं, मला दिसत होतं. मी सूप उचलून आत गेले.

काही दिवसांनी शेवंताबाईंच्या घरच्यांनी जुने वेल उपटून काढले, तेव्हा तो तडकलेला तुंबा त्यात अडकलेला सापडला. आता तुम्ही म्हणाल, वाऱ्याने वाहत गेला असेल. गेला असेल. मीही स्वतःला हेच सांगते. तो आवाजही मी मनात खूप घोळवून पाहिला आहे. दूरच्या गावचा धोबी म्हणावा, तर तो मी बोलल्याबरोबर कसा थांबला? सुतारपक्षी म्हणावा, तर तो मातीत कसा जाणवला? आम्हा सगळ्यांना भास झाला म्हणावं, तर भासाच्या मागे जाऊन माणूस बरोबर घाटाला लागतो का? आणि तापात आईला स्वप्न पडलं म्हणावं... तर मलाही ठाऊक नसलेली गोष्ट तिच्या स्वप्नात कुठून आली? प्रत्येक वेळी एक तरी आकडा शिल्लक उरतोच.

आई त्यानंतर पुष्कळ जगली. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा दगडावर बसू लागली. वहिनी तुंब्यांशिवाय पोहायला शिकल्या, पुढे माझ्याहून सरस झाल्या. त्या पहाटेबद्दल आई परत कधी एक अक्षर बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की बिघडतात, असं मला वाटायचं. गणिताच्या बाईला हे शोभत नाही, पण वाटायचं.

आई गेल्यावर, तेरावं झालं त्या संध्याकाळी, मी वहिनींना मात्र विचारलं. म्हटलं, वैनी, मी पोहण्यात पक्की, तुम्ही शिकाऊ. मी एवढं ठासून सांगत होते की घाट इकडे आहे. तुम्ही माझं का नाही ऐकलं?

वहिनी म्हणाल्या, "कुसुमबाई, तुमी तं लहानपनापासून पान्यातल्या. तुमच्यासाठी कोन मोगरी मारते? मी आली तवापासून आत्याबाई त्या दगडावर बसल्या. घरात मले नावानं हाक नव्हती. तेच माही हाक होती. ते मले समजत होती, दुसऱ्याची असती तं समजली नसती."

मी म्हटलं, "पन वैनी, आई तं खाटेवर होती."

"हाव," वहिनी म्हणाल्या. "मलेबी माहीत होतं."

त्या पहाटे दगडावर कोण होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि आता मिळेल असंही वाटत नाही. कोणाला बोलावणं चाललं होतं तेवढं कळलं आहे. मी त्या आवाजाला पाठ करून निघाले होते, आणि वहिनी वळल्या म्हणून आज हे लिहायला मी आहे.